गिरणगाव गाइडसोबत चालत बघताना: लालबाग-काळाचौकीच्या सकाळची तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

लालबागला लोक गणपतीत येतात, नाहीतर मिरची-मसाल्याच्या खरेदीला येतात. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत हा भाग मुंबईकरांसाठी उड्डाणपुलावरून ओलांडायचा रस्ता असतो. अलीकडे गाइडसोबत चालत फिरणारे गट इथे दिसू लागले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण बहुतेक गटांची सकाळ एकाच पद्धतीने वाया जाते. साडेदहाला जमायचं, बाजारातून सुरुवात करायची, लालबागच्या राजाचा मंडप जिथे उभा राहतो तिथे फोटो काढायचा, चिवडा घ्यायचा, एका चाळीकडे खालून मान वर करून बघायचं आणि टॅक्सी पकडायची. हा भाग गिरणगावाचा, म्हणजे कापड गिरण्यांचा आणि तिथल्या कामगारांच्या चाळींचा, पण या सगळ्यात गिरणी कुठेच येत नाही. मग परतीच्या वाटेवर कुणीतरी म्हणतंच, "फोर्टसारखं बघण्यासारखं काही नव्हतं."

फोर्टमध्ये इमारत समोर उभी असते आणि गाइड तिच्याबद्दल बोलतो. गिरणगावात कामाची जागा, राहण्याची जागा आणि बाजार यांचा एकमेकांशी संबंध बघायचा असतो. तो क्रमाने चाललात तरच दिसतो: आधी गिरणी, मग चाळ, मग बाजार आणि शेवटी पूल. खालचे टप्पे याच क्रमाने लिहिले आहेत. चिंचपोकळी स्टेशनपासून करी रोडपर्यंत, आडव्यातिडव्या गल्ल्या धरून साधारण चार-पाच किलोमीटर चालणं होतं. त्याला साडेतीन तास द्या.

## टप्पा १: दिवस ठरवणं

अर्ध्याहून जास्त चुका इथेच होतात.

गणेशोत्सवाचे दहा दिवस या कामासाठी नाहीत. त्या दिवसांत दर्शन घ्यावं, रांगेत उभं राहावं, पण परिसर समजून घ्यायची अपेक्षा ठेवू नये. गल्ल्या बॅरिकेडने बांधलेल्या असतात, मंडळांचे कार्यकर्ते रात्र-रात्र जागे असतात आणि कुणालाही बोलायला उसंत नसते. उत्सवाच्या आधीचे शनिवार-रविवारही टाळा, कारण तेव्हा मोठ्या मूर्तींचे आगमन सोहळे असतात. चिंचपोकळीच्या चिंतामणीच्या आगमनाला तर स्टेशनबाहेर पाऊल ठेवायला जागा नसते.

दुसरी चूक फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. शिमगा आणि मे महिना. इथली निम्मी-अधिक घरं कोकणातली आणि घाटावरची. शाळेला सुट्टी लागली की गॅलरीतल्या दारांना कुलपं लागतात आणि माणसं गावी जातात. अशा दिवसांत चाळ बघितली तर रिकामी इमारत दिसते.

पावसाळ्यात आलात तर परळ-लालबागमधल्या मूर्तिशाळांचं काम ऐन भरात असतं. तेवढ्यासाठी जुलै महिना मोहात पाडतो. पण चाळींचे लाकडी जिने तेव्हा निसरडे असतात आणि मोठी भरती व मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर हिंदमाताच्या बाजूला पाणी साचतं. पावसात यायचंच असेल तर फक्त मूर्तिशाळांसाठी वेगळी, छोटी फेरी ठरवा आणि चाळींचा टप्पा गाळा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. वार शनिवार. रविवारी माणसं घरी असतात हे खरं, पण तो त्यांचा आठवड्यातला एकच सुट्टीचा दिवस असतो आणि सकाळी सातला दारात पंधरा पाहुणे कुणालाच नको असतात. शिवाय रविवारी मेगाब्लॉक असतो.

आधी तपासा: रविवारच ठरला असेल तर आदल्या दिवशी मध्य रेल्वेचं ब्लॉकचं वेळापत्रक बघा. चिंचपोकळी आणि करी रोडला फक्त धीम्या लोकल थांबतात. सीएसएमटी ते विद्याविहार धीम्या मार्गावर ब्लॉक असला की गाड्या जलद मार्गावर वळवतात आणि ही दोन्ही स्टेशनं वगळली जातात. अशा वेळी भायखळा किंवा परळला उतरून चालत यावं लागतं. ब्लॉक बहुधा अकराच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे नेमका तुमच्या परतीच्या वेळी.

## टप्पा २: गाइड निवडणं

गाइड गोड बोलतो की नाही यापेक्षा त्याला या गल्ल्यांत किती लोक ओळखतात हे महत्त्वाचं आहे. पैसे भरण्याआधी फोनवर चार गोष्टी विचारा.

पहिली: "हनुमान थिएटर कुठे होतं?" लालबागमधलं हे तमाशाचं थिएटर आता नाही. ज्याने परिसर पायाखाली घातला आहे तो लगेच जागा सांगेल आणि तिथे कामगार पाळी सुटल्यावर कसे यायचे हेही सांगेल. ज्याने फक्त वाचून तयारी केली आहे तो विषय गणपतीकडे वळवेल.

दुसरी: चाळीत वर जाणार का, आणि परवानगी कुणाची घेतली आहे? "तिथे काही प्रॉब्लेम येत नाही" हे उत्तर चालणार नाही. चाळ कमिटीतल्या, मंडळाच्या ऑफिसातल्या किंवा निदान त्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाचं नाव गाइडला सांगता आलं पाहिजे.

तिसरी: एखादे निवृत्त गिरणी कामगार भेटणार आहेत का, आणि असतील तर त्यांना त्यांच्या वेळेचे पैसे मिळतात का? मिळत नसतील तर तुमच्या गटाने काय द्यायचं ते आधीच ठरवा. निघताना कुणाच्या हातात नोट कोंबणं त्यांनाही अवघडवून टाकतं आणि तुम्हालाही.

चौथी: गट केवढा? बारापेक्षा जास्त माणसं असतील तर दुसरा दिवस मागा. हा आकडा मी चाळीच्या जिन्यावरून आणि गॅलरीच्या रुंदीवरून सांगतो आहे. वीस जणांच्या गटात मागच्या आठ जणांना काहीच ऐकू येत नाही, मग ते आपापसात बोलू लागतात आणि गॅलरीत तो आवाज घराघरात जातो.

भाषेचंही आधी स्पष्ट करून घ्या. गाइडला मराठी नीट येत नसेल तर चाळीतल्या संभाषणाचा त्याला उपयोग नाही. तो बोलेल, तुम्ही ऐकाल आणि जिथले लोक आहेत ते बाजूला उभे राहतील.

## टप्पा ३: आदल्या रात्रीची तयारी

बुटांच्या लेस नकोत. काढा-घालायला सोपी, पण चालायला भक्कम अशी पादत्राणं घाला, कारण दारात ती दोन-तीनदा काढावी लागतील. स्वच्छ मोठा रुमाल घ्या, तो मिरची गल्लीत लागेल. कापडी पिशवी, पाण्याची बाटली आणि सुटे पैसे जवळ ठेवा. पाठीवरची मोठी सॅक घरीच राहू द्या. अरुंद गॅलरीत वळताना ती दोरीवरच्या कपड्यांना, कुंड्यांना आणि लहान मुलांना लागते.

स्वच्छतागृहाचा प्रश्न सुरुवातीलाच सोडवा. वाटेत बायकांसाठी चांगली सोय मिळेलच याची खात्री नसते. चाळीतलं सार्वजनिक संडास वापरायला मागणं हा तिथल्या रहिवाशांवर भार आहे, कारण सकाळी त्यांची स्वतःचीच रांग असते. गाइडला नाश्त्याच्या थांब्याबद्दल विचारताना तिथे सोय आहे का, हेही विचारून घ्या.

वाचून यायचं असेल तर एकच गोष्ट पक्की करा. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या कापड गिरण्यांच्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. तो संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. एवढं डोक्यात ठेवून आलात की चाळीत कुणी "संपाच्या आधी" आणि "संपानंतर" असं म्हणेल तेव्हा मध्येच थांबवून विचारावं लागणार नाही.

## टप्पा ४: सकाळी साडेसात, चिंचपोकळी ते काळाचौकी

भेटायची जागा स्टेशनबाहेर, पूर्वेकडे ठेवा. स्टेशनच्या पुलावर गर्दी असते आणि तिथे गट जमवला की लोकल पकडणाऱ्यांची वाट अडते. चिंचपोकळीच्या पश्चिमेला उतरलात तर साने गुरुजी मार्गावर, म्हणजे जुन्या आर्थर रोडवर जाल आणि उलट्या दिशेला भरकटाल. नवखी माणसं हमखास इथे चुकतात, म्हणून निरोपात "पूर्व" हा शब्द ठळक लिहा.

तिथून दत्ताराम लाड मार्गाने काळाचौकीकडे निघा. वाटेत चिंतामणीच्या मंडळाजवळ थांबायचा मोह होईल. हे मंडळ १९२० चं. पण आत्ता फक्त जागा बघून पुढे चला. त्याच्याबद्दल बोलायची वेळ चाळ बघून झाल्यावर येते.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ चं आवार आहे. वस्त्रोद्योगाच्या संग्रहालयासाठी ठरलेली जागा हीच. आत प्रवेश आहे की नाही हे गाइडने आदल्या दिवशी विचारलेलं असावं. नसेल तर भिंतीबाहेरून बघा, तेही पुरेसं आहे. एनटीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, बंद गिरण्यांच्या फाटकावर सुरक्षारक्षक असतात. त्यांच्याशी वाद घालून आत डोकावण्यात अर्धा तास घालवू नका, आणि फाटकाचा फोटोही त्यांना विचारूनच काढा.

इथे पंधरा मिनिटं थांबा आणि गाइडकडून तीन गोष्टी समजून घ्या. छपराचा आकार करवतीच्या दात्यांसारखा का असतो, तर साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणलं जायचं तिथे, सावली न पाडणारा, सारखा उजेड यावा म्हणून. चिमणी आणि पाण्याचा तलाव जवळजवळ का असतात, तर वाफेसाठी पाणी लागायचं म्हणून. आणि भोंगा. घरोघरी घड्याळ नव्हतं तेव्हा सगळा परिसर भोंग्यावर उठायचा, जेवायचा आणि झोपायचा. तीन पाळ्यांची ही व्यवस्था नीट डोक्यात बसल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण चाळीतल्या खोलीचं गणित तिच्यावरच उभं आहे.

इथे तपासा: गटातल्या कुणालाही विचारा, "एका खोलीत पंधरा-वीस पुरुष कसे राहत असतील?" उत्तर आलं नाही तर गाइडला पाळ्यांचं पुन्हा सांगायला लावा. एक पाळी कामावर, एक झोपलेली, एक खानावळीत किंवा रस्त्यावर. अंथरूण तेच, फक्त माणूस बदलायचा.

## टप्पा ५: चाळ

सकाळचे साडेआठ ते साडेनऊ ही चाळीत जायची वेळ. त्याआधी पाणी भरणं, डबे, शाळा आणि कामावर निघण्याची घाई चालू असते. त्यानंतर ऊन चढतं आणि बाजाराचा टप्पा लांबतो.

सर्वांत जास्त चुका या टप्प्यात होतात आणि त्यांचा त्रास तुम्हाला होत नाही, तिथे राहणाऱ्यांना होतो. म्हणून इथे सावकाश लिहितो.

आधी इमारत सुरक्षित आहे का, हे बघा. या भागातल्या बऱ्याच इमारती जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, आहेत. म्हाडा दर वर्षी पावसाळ्याच्या आधी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. गाइड तुम्हाला ज्या चाळीत नेणार आहे ती त्या यादीत नाही, एवढं त्याने सांगितलं पाहिजे. लोखंडी किंवा लाकडी टेकू लावलेल्या इमारतीत वर चढू नका. चांगल्या स्थितीतल्या चाळीतही जिन्यावर एका वेळी चार-पाच जणच जा आणि पहिली तुकडी वर पोहोचल्यावर दुसरी निघू द्या.

गॅलरी हा रस्ता नाही. खोलीच्या बाहेरची ती जागा घराचाच भाग आहे. तिथे भांडी घासली जातात, पापड वाळतात, आजी बसतात, मुलं अभ्यास करतात. उघड्या दारातून आत नजर लावून चालू नका. दाराशी कुणी बसलेलं असेल तर आधी नमस्कार करा, मग नाव सांगा. "काकू, आम्ही वॉकला आलोय, इथून गेलो तर चालेल का?" एवढं विचारलं की बहुतेक वेळा चहाच विचारला जातो. चहा विचारला तर बारा जणांसाठी हो म्हणू नका. एक-दोघांनी घ्यावा, बाकीच्यांनी पाणी घ्यावं. आणि बसायला सांगितलं तर चपला दाराबाहेर, एका बाजूला, शेजाऱ्याच्या उंबऱ्यासमोर न येतील अशा ठेवा.

फोटोंबाबत माझं मत कडक आहे. गॅलरीत चढल्यावर पहिली दहा मिनिटं फोन खिशात असावेत. नंतर विचारून काढा, आणि माणसांचा फोटो काढलात तर तो त्यांना दाखवा. दोरीवरचे कपडे, पाण्याची पिंपं, सामायिक नळ, संडासाची रांग यांचे फोटो काढू नका. बाहेरच्याला ते वेगळं दिसतं म्हणून आकर्षक वाटतं, पण आपल्या घरातल्या त्या गोष्टींचे फोटो परक्याने काढलेले आपल्याला चालणार नाहीत.

आता बोलण्याबद्दल. निवृत्त गिरणी कामगार भेटले की गटातलं कुणीतरी पहिलाच प्रश्न टाकतं, "संपाबद्दल तुम्हाला काय वाटतं?" या प्रश्नावर ते थकलेलं, तयार उत्तर देतात, कारण हाच प्रश्न त्यांना आयुष्यभर विचारला गेला आहे. त्याऐवजी विचारा: "काका, गाव कुठलं?" मग: "कुठल्या गिरणीत होतात? कुठल्या खात्यात?" साचेखातं की सूतखातं, कायम होते की बदली (गैरहजर कामगाराच्या जागी घेतलेले), कुणाच्या शब्दावर कामाला लागले, पहिल्या पगाराचं काय केलं, रात्रपाळी सुटल्यावर कुठे जायचे. खात्याचं नाव निघालं की माणूस हातांनी दाखवू लागतो, तुटलेला धागा कसा जोडायचा, साचा कसा चालू करायचा. संपाचा विषय त्यानंतर ते स्वतःहून काढतात, आणि तेव्हा त्यात खरी माहिती असते: घरात कोण कमवत होतं, दुकानदाराने उधारी किती दिवस दिली, कोण गावी परत गेलं, कुणाच्या मुलाची शाळा सुटली.

काही प्रश्न मात्र विचारूच नका. "रूमचा भाव काय चाललाय?", "रिडेव्हलपमेंट कधी?", "एवढ्याशा जागेत कसं राहता?" गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीचा प्रश्नही अनेक घरांत अजून दुखरा आहे. तुमचं मत देऊ नका, ते सांगतील तेवढं ऐका.

बायकांशी बोलायला गट बहुधा विसरतो. गिरणीचा सगळा इतिहास पुरुषांच्या तोंडून येतो आणि खानावळी कुणी चालवल्या हे राहून जातं. एका खोलीत वीस-पंचवीस कामगारांचं दोन वेळचं जेवण रांधून देणाऱ्या बायका इथे घरोघरी होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते याच बायकांना सावकाराच्या कर्जातून सोडवण्यासाठी. त्या पिढीतली एखादी आजी भेटली तर हिशेब कसा ठेवायच्या, पगाराच्या दिवशी पैसे कसे वसूल करायच्या, हे विचारा. सबंध सकाळीत यापेक्षा चांगलं काही ऐकायला मिळणार नाही.

निघण्याआधी तळमजल्यावर आणि गल्लीच्या तोंडाशी नजर टाका: व्यायामशाळा, भजनी मंडळाची खोली, गावाच्या ग्रामस्थ मंडळाची पाटी. पाटीवर गाव आणि तालुका लिहिलेला असतो. मुंबईत पाऊल ठेवणाऱ्या नव्या माणसाला पहिली रात्र काढायला जागा मिळायची ती अशा मंडळांच्या खोलीत.

थांबा: कुणी रागावून "इथे काय काम आहे?" असं विचारलं तर गाइडला पुढे होऊ द्या आणि गट खाली घ्या. आपल्याकडे परवानगी असली तरी समजावत बसू नका. त्यांचं घर आहे.

## टप्पा ६: गणेश गल्ली आणि बाजार

आता मंडळांबद्दल बोलायची वेळ आली. गणेश गल्लीचं मंडळ १९२८ चं. लालबागचा राजा १९३४ चा, आणि त्याचा बाजाराशी थेट संबंध आहे. पेरू चाळीतला उघड्यावरचा बाजार १९३२ मध्ये बंद झाला. हक्काची जागा मिळावी म्हणून कोळी बांधवांनी आणि व्यापाऱ्यांनी नवस बोलला आणि जागा मिळाल्यावर गणपती बसवला. म्हणूनच बाजार आणि राजाची जागा लागोपाठ बघा, मध्ये दुसरं काही घालू नका. बाजारात उभं राहून ही गोष्ट ऐकली की नवसाचा गणपती कुणाच्या नवसाचा, हे नीट कळतं. मंडप नसताना ती जागा बघायलाच हवी. वर्षभर ती साधी गल्ली असते.

यानंतर मिरची गल्ली. साधारण दहा वाजले असतील, दुकानं उघडलेली असतील. बेडगी, संकेश्वरी, लवंगी, काश्मिरी यांची पोती दारात उभी असतात आणि मसाल्याचं कांडप सुरू असेल तर गल्लीत शिरतानाच खकाणा लागतो. रुमाल नाकाला धरा. दम्याचा त्रास असलेल्यांनी, तान्ह्या मुलांना घेऊन आलेल्यांनी या गल्लीत शिरू नये. गाइडला आधी सांगून ठेवा, म्हणजे तो तुम्हाला बाजूच्या रस्त्याने पुढच्या थांब्यावर भेटेल. डोळे चोळू नका आणि मिरची हाताळलेला हात चेहऱ्याला लावू नका.

खरेदीची चूक इथेच होते. दोन-तीन किलो मिरची घेऊन उरलेला रस्ता चालता येत नाही. भाव विचारा, वास घ्या, दुकान लक्षात ठेवा आणि खरेदीसाठी वॉक संपल्यावर परत या. चिवडा गल्लीचंही तसंच. नमुना चाखायला देतात, चाखा, पण पिशव्या शेवटी. विकत घ्यायचं नसेल तर बारा जणांनी मिळून दुकानासमोर उभं राहू नका. सकाळची गिऱ्हाइकं मागे फिरतात.

नाश्त्यासाठी आंबेडकर रोडवरचं लाडू सम्राट सोयीचं पडतं. शनिवारी सकाळी बारा जणांना एकत्र बसायला जागा मिळणं कठीण, म्हणून तीन-तीन, चार-चार जणांत वाटून बसा आणि निघायची वेळ आधीच सांगून ठेवा. हा थांबा पंचवीस मिनिटांचा. तो तासाभराचा झाला की शेवटचा टप्पा गळतो, आणि तो गळू देऊ नये असं मला फार वाटतं.

## टप्पा ७: भारतमाता ते करी रोडचा पूल

डॉ. बाबासाहेब आंबेडकर रोड ओलांडताना गट सिग्नलवरच आणि एकत्रच न्या. उड्डाणपुलाखालची वाहनं वेगात वळतात आणि खांबांमुळे समोरचं दिसत नाही. वृद्ध माणसं मध्ये ठेवा.

भारतमाता सिनेमापाशी थांबा. मराठी सिनेमांसाठी ओळखलं जाणारं हे थिएटर गिरणीच्या जमिनीवर उभं आहे. पाळी सुटलेला कामगार इथे येऊन बसायचा, हे आता तुम्हाला सांगावं लागणार नाही, कारण गिरणीपासून इथपर्यंत तुम्ही चालत आला आहात.

मग महादेव पालव मार्गाने करी रोडच्या पुलावर जा. पुलावर पादचाऱ्यांसाठी जागा कमी आहे, म्हणून कडेला, एका ओळीत उभे राहा आणि दहा मिनिटांच्या वर थांबू नका. पश्चिमेकडे लोअर परळचे मनोरे दिसतात, मागे लालबाग. इथे गाइडने नियम ५८ समजावून सांगायला हवा. तो टाळत असेल तर तुम्ही विचारा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा विकास करताना ढोबळपणे तीन वाटे धरले होते: एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये बदल झाला आणि हा हिशेब फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरता उरला, म्हणजे गिरणीच्या इमारतीखालची जमीन त्यातून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. समोर उद्यानं का दिसत नाहीत आणि काचेच्या इमारती का दिसतात, याचं उत्तर या तीन वर्षांत आहे. फिनिक्स मॉलच्या आवारात गिरणीची चिमणी अजून उभी आहे. वेळ असलेल्यांनी नंतर जाऊन ती बघावी, आता तिच्याकडे बघायची नजर वेगळी असेल.

आधी तपासा: या भागातल्या पुलांची कामं सतत चालू असतात. डिलाइल रोडचा पूल कित्येक वर्षं बंद राहून २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. प्रभादेवीचा जुना पूल सप्टेंबर २०२५ मध्ये वाहतुकीला बंद झाला. वॉकच्या आठवड्यात कुठला रस्ता खुला आहे ते गाइडकडून पक्कं करून घ्या आणि टॅक्सीने परतणार असाल तर वळशाचा वेळ धरा.

वॉक इथे, करी रोड स्टेशनशी संपवा. ज्यांना खरेदी करायची आहे त्यांनी बाजारात परत फिरावं.

## टप्पा ८: परळ दुसऱ्या दिवशी

"आलोच आहोत तर परळही करून टाकू" हा विचार सोडा. अकरानंतर पाय आणि लक्ष दोन्ही थकलेले असतात आणि परळला वेगळ्या तयारीने यावं लागतं. रुग्णालयांचा परिसर आहे. केईएम आणि टाटाच्या बाहेर फुटपाथवर रुग्णांचे नातेवाईक राहतात. तिथे गट थांबवू नका, कॅमेरा काढू नका.

परळला जायचं ते मुख्यतः बारादेवीच्या मंदिरातल्या शिवशिल्पासाठी. १९३१ मध्ये परळ-शिवडी रस्त्याचं काम चालू असताना ते सापडलं. एका अखंड शिळेतलं, साडेतीन मीटरच्या आसपास उंचीचं. त्याचं दालन रोज उघडं मिळेल असं गृहीत धरू नका, मंदिरात आधी चौकशी करा. बंद असेल तर त्याची प्रतिकृती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात बघता येते. दामोदर हॉल यादीत असेल तर गाइडला सांगा की १९२२ चं ते नाट्यगृह पुनर्विकासासाठी २०२३ च्या नोव्हेंबरपासून बंद झालं आहे, त्यामुळे तिथे नाटकाच्या आशेने जाऊ नये. ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींचाही पुनर्विकास चालू आहे, कुठली इमारत उभी आहे ते विचारूनच तिकडे वळा.

## घरी गेल्यावर

दोन दिवसांत दोन कामं उरका. ज्यांचे फोटो काढले त्यांना ते गाइडमार्फत पाठवा. शक्य असेल तर छापून पाठवा, कारण आजोबांकडे स्मार्टफोन असेलच असं नाही. आणि कुठे लिहिणार असाल, फोटो टाकणार असाल, तर चाळीचं नाव, मजला आणि माणसांची नावं गाळा. एखाद्या चाळीची जागा नेटवर फिरली की पुढच्या शनिवारी तिथे बिनपरवानगीचे लोक कॅमेरे घेऊन चढतात आणि त्यानंतर त्या गॅलरीत गाइडलाही कुणी येऊ देत नाही.